दहाच्या पटीत

काका स्वतःचं वजन ट्रकच्या काट्यावर करायचे.

हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ‘म्हणजे?’ म्हणजे तेच. भिवंडीहून पडघ्याकडे जाताना हायवेला गोदामांची जी रांग लागते, तिच्यात आमचा वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट. त्यावर अख्खा ट्रेलर चढतो आणि शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये त्याच्या वजनाचा आकडा उमटतो. त्या ट्रेलरच्या जागी काका एकटे उभे राहायचे. आधी चपला काढायच्या. मग रुमाल, किल्ल्या आणि चष्म्याचं घर माझ्या खिडकीत आणून ठेवायचं. पाटाच्या बरोबर मधोमध जाऊन पाय जुळवायचे, शाळेतल्या राष्ट्रगीताला उभं राहावं तसं ताठ व्हायचं आणि तिथून ओरडायचं, “बग गो, किती?”

यातली गंमत अशी की आमचा काटा दहा किलोंच्या खालचं काही बोलतच नाही. शंभर, एकशेदहा, एकशेवीस असं दहाच्या पटीतच त्याला कळतं. चाळीस टनांच्या गाडीत चार किलोंना कोण विचारतो? अशा काट्यावर चढण्यासाठी खिशातला रुमाल काढून ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं हल्ली रोज आठवतं, कारण माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला खाणं कमी करायला सांगितलंय. फोनमध्ये एक ॲप टाकून दिलंय. डब्यातली दुसरी पोळी त्यात लिहिली की ते लालेलाल होतं. पहिले चार दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. नवऱ्याने शेवटी विचारलं, “तुझं वजन कमी होतंय की आमचं?” काकांना हे ॲप दाखवायला हवं होतं. ते म्हणाले असते, “यावर शिक्का कवा मारला?”

काटा कुठलाही असो, किराणा दुकानातला, भंगारवाल्याकडचा, मासळीवालीचा, काकांचा पहिला प्रश्न हाच. वजनमापवाल्यांचा शिक्का कधी मारला? शिक्का जुना असेल तर त्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. आणि खरं तर त्यांना काट्याची गरजही नव्हती. ते डोळ्यांनी वजन करायचे. मी नोकरी मागायला आले तेव्हा बी.कॉम.चा निकाल नुकता लागला होता. वडील पॉवरलूमवर बारा तासांची शिफ्ट करायचे आणि मला कशीही करून नोकरी हवी होती. मालकांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि काकांना म्हणाले, “बघा, जमेल का हिला.” काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अट्टेचालीस.”

मला वाटलं ते माझे मार्क विचारताहेत. मी म्हटलं, “नाही काका, त्रेसष्ट टक्के.”

“टक्क्याचा काय करायचा? तुजा वजन सांगतोय. वारा सुटला का खिडकी लावून बस, नाय तं नासिकला जाशील.”

संध्याकाळी घरी जाताना रेशनच्या दुकानातल्या काट्यावर चढले. अठ्ठेचाळीस. दुकानदाराने विचारलं, हसतेस काय?

लग्नांत या विद्येने फार घोटाळे व्हायचे. नवरीवर अक्षता टाकता टाकता ते शेजारच्याच्या कानात आकडा सांगायचे आणि काकांची कुजबूज मांडवाच्या दोन खांबांपलीकडे ऐकू जायची. काकी त्यांना लग्नाच्या वेळी दंडाला चिमटा काढायलाच शेजारी बसायच्या. एका माणसाचं वजन मात्र काकांना डोळ्यांनी कधी ओळखता आलं नाही. स्वतःचं.

काका जवळच्याच दिघाशी गावचे. घरची भातशेती होती, पुढे निम्म्या जमिनीवर गोदामं झाली. काकांना घरी बसवत नव्हतं म्हणून ते काट्यावर आले आणि पंचवीस वर्षं तिथेच राहिले. सगळे ड्रायव्हर त्यांना चाचा म्हणत. ते ड्रायव्हरांशी हिंदीत भांडत, माझ्याशी गावच्या बोलीत बोलत आणि मालकांशी बोलायची वेळ आली की गप्प बसत. गाडी काट्यावर असताना ड्रायव्हर आतच बसून राहिला तर ते केबिनमधून गरजत, “उतर जा भाई! तेरेको भी बेचना है क्या?”

आणि त्यांचं जेवण! पाच कप्प्यांचा डबा यायचा. तांदळाच्या पाच भाकऱ्या, सुकटीचं कालवण, वालाचं बिरडं आणि वरच्या दोन कप्प्यांत गच्च दाबलेला भात. डबा उघडला की केबिनला घरचा वास यायचा. शुक्रवारी समोरच्या हॉटेलातला मटणाचा खिचडा त्याच्यावर. कुणी ड्रायव्हर त्याच्या गाडीत शिजवलेलं काही घेऊन आला तर तेही. “आमच्यात जेवनाला न्हाय बोलत न्हाईत,” हे ते प्रत्येक वेळी सांगायचे, जणू कुणी त्यांना न्हाय म्हणायला सांगितलं होतं. जेवून झालं की शर्टाचं खालचं बटण सोडून मागे टेकायचे. तृप्त माणूस कसा दिसतो ते मी तिथे पाहिलं. त्यानंतर तसा फारसा दिसला नाही.

म्हणून त्या सोमवारी मी चमकले. काकांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, उरलेल्या तिन्हींकडे बराच वेळ पाहिलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

“खा.”

“माझं झालंय, काका.”

“मंग आजून खा. डबा रिकामा घरी गेला पायजे.”

मग खिडकीतून बाहेर बघत, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी सगळं सांगितलं. काकींच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा एसटीने ठाण्याला जाऊन डायलिसिस चालू होतं. मुलीचं नुकतंच बाळंतपण झालेलं, तिची किडनी घेता येत नव्हती. काकांनी गुपचूप स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. रक्तगट जुळत होता, साखर नाही, बीपी नाही, सगळं बसत होतं. फक्त वजन, हॉस्पिटलच्या काट्यावर एकशेसोळा. डॉक्टर म्हणाले, या वजनाच्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही. नव्वदच्या खाली या, मग बोलू.

“मग काकींना सांगायचं ना. त्याच कमी देतील डब्यात.”

“तिला सांगितला तं ती मशीनवर जायाचीच बंद होईल. बोललीय तशी. ‘मना जगवायला तुमाना कापनार असतील तं मी आजच मशीन सोडतंय.’ तिचा तोंड लय खराब हाय. बोलल ता करल.” मग म्हणाले, “आदी वजन उतरू दे. मंग बगू.”

काकी गेल्या तर आपलं काय होईल हे ते बोलले नाहीत. ते मला त्यांच्या पाठीकडे बघून कळलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा चपला काढल्या आणि पाटावर उभे राहिले. एकशेवीस. आमच्या मशीनला गाडीचा नंबर आणि मालाचं नाव भरल्याशिवाय पावती निघत नाही. गाडीच्या रकान्यात मी ‘काका’ टाकलं. “माल काय लिहू?” मी खिडकीतून विचारलं.

“लिव, भात.”

मग साक्षीदार म्हणून त्यांनी मलाही पाटावर बोलावलं. आत एका ड्रायव्हरला बसवलं, त्याने आकडा वाचला. दोघांचं मिळून एकशेसाठ. ती पावतीही काकांनी ड्रॉवरमध्ये ठेवली.

पहिले पंधरा दिवस केबिनमध्ये बसणं म्हणजे शिक्षा होती. काका अकरा वाजता घड्याळ बघायचे, सव्वाअकराला बघायचे आणि साडेअकराला घड्याळालाच शिव्या द्यायचे. समोरच्या हॉटेलातली बिर्याणीची डेग उघडली की ते उठून मागच्या बाजूला डिझेलच्या वासात जाऊन उभे राहत. एका ड्रायव्हरने केळी दिली तर त्याच्यावर असे भडकले की तो बिचारा महिनाभर दुसऱ्या काट्यावर गेला. पुढे काकांनी स्वतः फोन करून त्याची माफी मागितली.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने भुकेचा अभ्यास सुरू केला. काकांना कुठलीही गोष्ट ट्रकच्या भाषेत आणल्याशिवाय समजत नसे. प्रत्येक गाडीला किती माल भरायचा याची सरकारी हद्द असते, तिला ‘पासिंग’ म्हणतात. काका म्हणत, “माजी पासिंग दोन भाकरीची हाय. चालीस वरसं मी ओव्हरलोड चाललोय. स्प्रिंगचा पाटा तुटला न्हाय ता नशीब.” भुकेबद्दल त्यांचं म्हणणं होतं की ती गेटवरच्या ड्रायव्हरसारखी असते. हॉर्न वाजवते, शिव्या देते, पण तुम्ही दहा मिनिटं गेटच उघडलं नाही तर इंजिन बंद करून गप्प बसते. ही दहा मिनिटं काढायला ते उठून काट्याभोवती चकरा मारायचे. पहिली भाकरी झाली की हात धुवून यायचे, एखाद्या गाडीचं वजन करायचे आणि मगच दुसरीला हात लावायचे. डॉक्टरीणबाई मला हेच सांगतात, फक्त त्यांची फी आहे.

लोकांना काय सांगायचं हाही प्रश्न होता. ड्रायव्हर विचारायचे, चाचा बीमार है क्या? काकांनी ठोकून दिलं की गणेशपुरीला नवस बोललोय. नवसापुढे कोण काय बोलणार?

इकडे माझं काय झालं ते ओळखलंच असेल. रोज तीन भाकऱ्या, बिरडं आणि दाबलेला भात. काकींच्या हाताला अशी चव होती की मी घरून डबा आणणं बंद केलं. काकांना न आवडणाऱ्या भाज्याही मी पुसून खायचे. कारलं तर मला जिवापाड आवडतं. काका त्या डब्याकडे बघायचेही नाहीत, मी अख्खा फस्त करायचे आणि वर म्हणायचे, “काकींना सांगा, मस्त झालं होतं.” ते म्हणायचे, “मी कसा सांगू? मी खाल्लाय का?”

दिवाळीच्या सुमारास काटा एकशेदहावर आला. काकांनी पाटावरच एक उडी मारली आणि आकडा क्षणभर भलताच झाला. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “छप्पन,” ते म्हणाले. मी लाजले. पुन्हा एका ड्रायव्हरला आत बसवून आम्ही दोघं पाटावर उभे राहिलो.

एकशेसाठ.

काका पोट धरून हसले. मी त्यांना तसं हसताना कितीतरी दिवसांनी पाहत होते. “बग! येक किलोची घट न्हाय. माल तोच, गाडी बदलली!”

तेव्हापासून आमच्या केबिनमध्ये ते एक बोलणंच झालं. चहा माझ्या कपातून त्यांच्या कपात ओतला तरी ते म्हणायचे, माल तोच, गाडी बदलली.

शंभर यायला होळी गेली. पुढचं जमायला पाऊस आला आणि संपला. मधे महिना-महिना आकडा जागचा हलायचा नाही. घरच्या काट्यावर माणसाला अर्धा किलो तरी दिसतो, हुरूप येतो. काकांना दहा किलो उतरल्याशिवाय काही दिसायचंच नाही. मी म्हणायचे, “काका, मेडिकलवाल्याकडे छोटा काटा आहे, त्यावर बघू.” तर म्हणायचे, “त्याच्यावर शिक्का न्हाय.” आणि रोज सकाळी चपला काढून पाटावर.

एके दिवशी सकाळी काटा नव्वद बोलला.

काकांनी पावती खिशात घातली आणि त्याच दिवशी ठाणं गाठलं. दुपारी परतले ते पाय ओढत. हॉस्पिटलच्या काट्यावर चौऱ्याण्णव भरले होते. आमचा काटा जवळच्या दहावर आकडा नेतो. चौऱ्याण्णवला नव्वदच म्हणतो. जन्मभर दुसऱ्यांना हे समजावणाऱ्या माणसाला स्वतःच्या वेळी ते सुचलं नव्हतं. बरं, नुसते परत आले असते तर ठीक. तिथे त्यांनी सिस्टरशी भांडण काढलं होतं, तुमच्या काट्याचा शिक्का दाखवा म्हणून. सिस्टर म्हणाली, “आजोबा, काट्यावरून उतरा, पुढचा पेशंट आहे.” आणि काका तिला आमची पावती दाखवत राहिले, ज्यावर मालाच्या रकान्यात ‘भात’ लिहिलं होतं.

“चार किलो, गो,” ते केबिनमध्ये बसून म्हणाले. “सव्वीसातले बावीस गेले आनि चारला आडलो.”

ते शेवटचे चार किलो मी विसरणार नाही. काटा नव्वदच दाखवत होता आणि पुढेही नव्वदच दाखवणार होता. त्र्याण्णव झाले तरी नव्वद, एक्याण्णव झाले तरी नव्वद. जन्मभराच्या काट्याने त्यांची साथ सोडली होती. मी म्हटलं, मेडिकलमध्ये चला. या खेपेला ते मुकाट्याने आले आणि शिक्का विचारला नाही. त्या न विचारण्याचं मला फार वाईट वाटलं.

नेमकी त्याच दिवसांत त्यांच्या पुतण्याची हळद आली.

आमच्या भागात हळद म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. लग्नाला नाही आलात तर चालतं. हळदीला आलात आणि मटणाच्या पानावरून उठलात तर संबंध तोडला असा अर्थ होतो. हळद होती काकांच्या थोरल्या भावाच्या घरी आणि दोघा भावांत जमिनीच्या वाटणीवरून पूर्वी कुरबूर झालेली. आम्हा काट्यावरच्यांनाही बोलावणं होतं. संध्याकाळी दिघाशीला पोचलो तर अंगणभर मांडव, वाजंत्री आणि मटणाचा असा वास की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. दोन दिवसांनी काकांना पुन्हा हॉस्पिटलच्या काट्यावर उभं राहायचं होतं.

काका पंगतीत बसले, मी पलीकडच्या रांगेत. वाढपी आला, काकांनी पानावर हात आडवा धरला. दुसरा आला, पुन्हा हात. मग थोरले भाऊ स्वतः बादली घेऊन आले.

“काय रे? माज्या पोराचे हलदीला तू उपाशी? वाटनीचा राग आजून हाय काय पोटात?”

“राग न्हाय, दादा. नवस हाय.”

“कसला नवस? वरीस झाला तुजा नवस चाललाय. आज भावाचे घरी तरी सोड!”

काकांनी पानावरचा हात काढला नाही. भावाने बादली जमिनीवर ठेवली आणि मोठ्याने सांगितलं, हा जेवल्याशिवाय या मांडवात कुणी घास घेणार नाही. सगळ्यांचे हात थांबले. वाजंत्रीवालेही थांबले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू म्हणाले, म्हणजे त्यांच्या मताने हळू, सगळ्या रांगेला ऐकू गेलं, “येक घास खाल्ला तं मी थांबनार न्हाय, गो. मी मना वलखतो.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या मोठ्या माणसाला जेवणाच्या पानापुढे रडताना बघणं फार कठीण असतं. मी खरं काय ते सांगायला उठणारच होते, पण काकी समोर बायकांत बसल्या होत्या. हातात, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या दिवसभराच्या पाण्यातला उरलेला अर्धा पेला.

काकीच उठल्या. पेला खाली ठेवला, पदर खांद्यावर घेतला आणि पंगतीमधून चालत आल्या.

“दादा, त्याना भरवू नका. त्याना कसला नवस न्हाय. ते माज्यासाठी उपाशी हायेत. माज्या अंगात त्यांची किडनी बसवायची हाय, म्हनून वजन उतरवतान. वरीसभर मना फसवतान आनि त्याना वाटतंय मना काय ठाव न्हाय.”

काका गर्रकन माझ्याकडे वळले. “तू सांगितलास?”

“तिना न्हाय,” काकी म्हणाल्या. “कारल्यानी सांगितला. तीस वरसं संसार केला, यांनी कदी कारल्याला हात लावला न्हाय. येक दिवस चुकून डब्यात गेला तं डबा पुसलेला परत आला. मना संशय आला. मंग मी मुद्दाम धाडला, हप्त्यातून दोनदा. तरी डबा रिकामा! मंग लेकीला हास्पिटलात पाठवून सगला काडून घेतला.”

मांडवात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वर्षभर मी जीव तोडून गुपित सांभाळलं होतं आणि माझ्याच जिभेने घात केला होता.

“मंग तू मशीन कसा न्हाय सोडलास?” काकांनी घाबरत विचारलं.

“सोडनार व्हते. पन रोज रातची तुमची निम्मी भाकरी बगायची. निजताना तुमचा पोट वाजायचा ता आयकायची.” काकींचा आवाज तिथे फुटला. “येवडी भूक ज्यानी मारली, त्याला न्हाय कसा बोलू?”

थोरल्या भावाने बादली उचलून बाजूला ठेवली. एक लहान वाटी मागवली, तिच्यात एकच फोड घातली, भाकरीचा अर्धा तुकडा मोडला आणि काकींना विचारलं, “येवडा चालंल का, गो?” काकींनी मान हलवली. उरलेला अर्धा तुकडा घेऊन ते काकांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि दोघा भावांनी एकदमच घास घेतला. मग सगळा मांडव जेवला. माझ्याने मात्र त्या दिवशी काही खाववलं नाही, आणि मी खाल्लं नाही असं त्या वर्षात पहिल्यांदाच झालं असेल.

दोन दिवसांनी नाही जमलं. महिन्याने जमलं. एकोणनव्वद.

ऑपरेशनच्या आधी काका काकींना घेऊन काट्यावर आले. दोघांनी चपला काढल्या. काकी लाजत होत्या, ड्रायव्हर टाळ्या वाजवत होते. दोघांचं मिळून एकशेतीस. काही महिन्यांनी, टाके भरून आल्यावर, दोघं परत आले आणि तसेच शेजारी शेजारी उभे राहिले.

“बग गो, किती?”

“एकशेतीस!”

“काय बोललो व्हतो?” काकांनी काकींच्या पोटाकडे बोट दाखवलं. “माल तोच, गाडी बदलली.” काकींनी त्यांना दंडाला चिमटा काढला, लग्नात काढायच्या तसाच. मग काका केबिनमध्ये येऊन मला म्हणाले, डॉक्टर सांगत होता, किडनी दीडशे ग्रामची असते. “आपल्या काट्याला ती दिसायची पन न्हाय. न्हाय काय?”

त्यानंतर त्यांना हवं तसं जेवायला हरकत नव्हती, निदान बऱ्यापैकी. काकींनी हौसेने पाच भाकऱ्या पाठवल्या. काकांनी डबा उघडला, दोन खाल्ल्या आणि तिसरी हातात घेऊन बसून राहिले. मग ठेवून दिली. “जात न्हाय, गो,” ते म्हणाले. “भूक लहान झाली. ती जुनी भूक गेली.” एखादा जुना सोबती गाव सोडून गेल्याचं सांगावं तसं ते बोलले. मला तोवर वाटायचं की काकांनी काकींना किडनी दिली. त्या दिवशी कळलं की त्याच्या आधी त्यांनी ही भूक दिली होती. शुक्रवारचा खिचडा, सोडलेलं बटण, मागे टेकून मिटलेले डोळे, सगळं. आणि त्याची पावती कुठल्याच मशीनमधून निघत नाही.

पुढे नऊ वर्षं काका काट्यावर होते. माझं लग्न झालं, मुलं झाली, तरी दुपारी डब्यातली एक भाकरी माझी असायची. माझ्या लग्नात अक्षता टाकताना त्यांनी काय आकडा सांगितला ते सगळ्या मांडवाने ऐकलं. मागच्या पावसाळ्यात ते गेले. किडनीचं काही नव्हतं, झोपेतच हृदय थांबलं.

महिन्याभराने काकी काट्यावर आल्या, काकांच्या ड्रॉवरमधल्या वस्तू न्यायला. चष्म्याचं घर, एक पंचा आणि रबरबँड लावलेला पावत्यांचा गठ्ठा. काकींनी एकेक पावती लांब धरून पाहिली. मालाच्या रकान्यात भात, भात, निम्मा भात, पाव भात. त्या हसल्या आणि मग बराच वेळ हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

दुपारची वेळ होती, काटा मोकळा होता. जाता जाता त्या पाटाशी थांबल्या. चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, बरोबर मधोमध गेल्या आणि पाय जुळवले. मी आता काकांच्या खुर्चीवर बसते आणि इतक्या वर्षांत डोळ्यांनी वजन करायला शिकलेय. काकी सत्तेचाळीस. काटा पन्नास बोलला.

“बग गो, किती?”

“पन्नास, काकी.”

त्यांनी पोटावर डावीकडे हात ठेवला. “दोगांचा मिलून?”

काटा जवळच्या दहावर आकडा नेतो, हे मला सांगता आलं असतं.

“हो,” मी म्हटलं. “दोघांचं मिळून.”

मशीन मालाचं नाव मागत थांबलं होतं. मी ‘दोन माणसं’ असं टाकलं आणि पावती काढून काकींच्या हातात दिली.